गच्चीवरचे ऊन

साताऱ्यातल्या आमच्या घराची गच्ची सहाशे चौरस फुटांची आहे आणि त्यातल्या एका फुटावरही माझी मालकी नाही, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले. घरपट्टी माझ्या नावाने येते आणि मीच ती भरतो. पण गच्ची सौभाग्यवतींची. फाल्गुन लागला की तिथे जुनी धुवट लुगडी अंथरली जातात, आणि वैशाख सरेपर्यंत पापड, कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या, मिरच्या, हळकुंडे अशी मंडळी आळीपाळीने ऊन खात पडलेली असतात. या दिवसांत मी गच्चीवर जातो तो कावळे हाकलायला, आणि तेही बोलावणे आले तर.

अशा त्या गच्चीवर सोलर पॅनेले बसवावीत, असा बेत मी २०२४च्या उन्हाळ्यात जेवणाच्या ताटावर जाहीर केला. मुहूर्त चुकला, हे आता मान्य करतो. त्याच दिवशी वर गव्हाच्या कुरडया होत्या.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. प्रकाश पडला की वीज निर्माण होते, हे एदमाँ बेकेरेल या फ्रेंच तरुणाने १८३९ साली पाहिले, आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअरसन या तिघांनी १९५४ साली सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट करून दाखवला. अंगावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच तो वीज करी. हे मी खडूने फळ्यावर किती वेळा लिहिले असेन, याची गणती नाही. आजची बाजारातली पॅनेले वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. पण आमच्या घरात सूर्यावर चालणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे गच्चीवरचे वाळवण. पोहण्यावर व्याख्याने देणाऱ्याने नदीत पाय घालू नये, तसे काहीसे झाले होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना सुरू झाली होती. पहिल्या दोन किलोवॅटांना दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, असे तीन किलोवॅटांना एकूण ७८,००० रुपये अनुदान. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारएक युनिट वीज मिळते. हे सगळे मी एका दमात सांगितले. सौभाग्यवतींनी ताक वाढता वाढता ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “ते ठीक आहे. पण माझं ऊन?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सूर्याचे ऊन हे कुणाच्या मालकीचे नसते वगैरे मी म्हणू लागलो होतो. पण ते ऊन नेमके आमच्या गच्चीवर पडणारे, आणि त्याचा गेली पस्तीस वर्षे कुणी तरी चोख उपयोग करत होते. या बाबतीत घरातली पहिली सौरऊर्जावाली मी नव्हतोच.

तिची दुसरी हरकत पैशाची होती. आमचा महिन्याचा वापर अडीचशे-पावणेतीनशे युनिटांचा. शंभर युनिटांनंतर दर एकदम वर उडी मारतो, त्यामुळे बिल अडीच हजारांच्या घरात जाई. ठेकेदाराने १,९०,००० रुपयांचा आकडा दिला होता. अनुदान वजा जाता १,१२,०००. महिन्याला २,६०० वाचले, तर साडेतीन वर्षांत पैसे वसूल, असे गणित मी मांडले. तिने वही ओढून घेतली. “हे पैसे ठेवीतून काढायचे ना? मग त्याचं व्याज कुठे लिहिलंय?” सात टक्क्यांनी वर्षाचे ७,८४० रुपये. ते वजा केल्यावर साडेतीनाची पावणेपाच वर्षे झाली. “आणि अनुदान काम झाल्यावर मिळणार. तोवर एक लाख नव्वद हजार आपलेच गुंतणार. हेही लिहा.” मग तिने ठेकेदाराचे छापील पत्रक वाचले. त्यात ‘वीजबिल शून्य’ असे मोठ्या अक्षरांत होते. मीटरचा स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो, तो कुठे गेला, असे तिने त्या तरुणाला समोर बसवून विचारले. तो बिचारा चहा न पिताच उठला. शाळेत गणित मी शिकवत होतो, की ती घरी बसून शिकवत होती, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला.

उन्हाचा तंटा मात्र खडूने सुटला. सातारा साडेसतरा अंशांच्या थोडे वर आहे. सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, म्हणून दुपारची सावली उत्तरेला पडते. आणि मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते. हा शून्य सावलीचा दिवस. मी दक्षिणेच्या कठड्याशी आठ फुटांचा बांबू बांधला आणि तासातासाला सावलीच्या टोकावर खडूची खूण करू लागलो. ती पुसली जाते म्हणून सौभाग्यवतींनी रांगोळी आणून दिली. मागची खूण ध्यानात धरून फाल्गुनात सावली किती लांब येईल ते आम्ही आखले, आणि पॅनेलांच्या मागे तीन फूट सोडले, तर उत्तरेची निम्मी गच्ची वाळवणाच्या सगळ्या दिवसांत उन्हात राहते, असे दिसले. त्या रांगोळीच्या रेषेवर आमचा तह झाला. पॅनेले दक्षिणेला, आठ फूट उंच सांगाड्यावर. उत्तरेला लुगडी. पाण्याची टाकी तेवढी हलवावी लागली, कारण तिची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी पडली, तरी एका माळेत जोडलेल्या सगळ्यांचेच काम ढिले पडू शकते.

आता शेजारच्या आबांविषयी सांगितले पाहिजे. आबा वीज मंडळात लाइनमन होते. ते मंडळ २००५ साली मोडून त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण आबांच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च आहे. आयुष्यभर खांबावर चढलेल्या माणसाला खांबावाचून वीज येते हे पटणे कठीण. आमच्या जिल्ह्याचे तर विजेशी जुने नाते. कोयना आमचीच. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा या पात्यांनी ढग पळून जातात आणि पाऊस पडत नाही, असे शहाणीसुरती माणसे बोलताना मी ऐकली आहेत. आबा त्यांतले नव्हेत. त्यांचा अविश्वास जाणकाराचा होता, आणि तोच जास्त त्रासदायक असतो.

दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ला, पॅनेलांची पूजा झाली. झेंडूच्या माळा घातल्या. आणि त्यानंतर सत्तेचाळीस दिवस ती पॅनेले नुसती उभी राहिली. दुहेरी मीटर बसल्याशिवाय वीज सुरू करता येत नाही, आणि तो मीटर यायचा होता. अर्ज पुढे गेला आहे, सही व्हायची आहे, साहेब रजेवर आहेत, दिवाळी आली, निवडणूक आली. कुठल्या कचेरीत मी किती खेपा घातल्या ते सांगत नाही. ज्याने कुठलेही मीटर घेतले आहे, त्याला ते ठाऊक आहे. आबा रोज सकाळी कुंपणावरून विचारत, “काय मास्तर, पिकलं का काही?” दिवाळीत आमच्या घरावर आकाशकंदील होता आणि एक लाख नव्वद हजारांची शोभेची छपरी होती. सौभाग्यवती या काळात एक शब्द बोलल्या नाहीत. ते बोलण्यापेक्षा भारी होते.

नोव्हेंबरच्या अखेरीला मीटर बसला. हा मीटर बँकेच्या पासबुकासारखा असतो. दुपारी आपली वीज उरली की ती बाहेरच्या तारेत जमा होते, रात्री आपण तारेतून घेतो, आणि महिन्याच्या शेवटी वजाबाकी. आर्थिक वर्ष संपले की उरलेल्या युनिटांचा हिशेब चुकता होतो, तो मात्र फार स्वस्तात. तेव्हा गरजेपेक्षा मोठा संच बसवून श्रीमंत होण्याची आशा कुणी धरू नये. डिसेंबरचे बिल आले तेव्हा त्यात स्थिर आकार आणि किरकोळ रकमा उरल्या होत्या. सौभाग्यवतींनी ते दूधवाल्याच्या आणि वाण्याच्या हिशेबामध्ये टाचून ठेवले. मी त्यालाच शाबासकी समजलो.

पण खरी परीक्षा जानेवारीत झाली. दुरुस्तीसाठी गल्लीतली वीज सकाळपासून बंद होती. वर लख्ख ऊन. सहाच्या सहा पॅनेले चकाकत होती, आणि खाली आमचा पंखा बंद, मिक्सर बंद, सारे बंद. आबा कुंपणाशी आलेच. “काय मास्तर, सूर्यपण लोडशेडिंगवर गेला काय?” चार शेजारी हसले. मलाही लाज वाटली, कारण हे असे होते, हे मला ठाऊक असून मी घरात नीट सांगितले नव्हते.

मी आबांना म्हटले, “आबा, बाहेरची वीज गेली की आमचा इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. तसं केलंच आहे. नाही तर तुमच्यासारखा कुणी तार बंद आहे समजून खांबावर हात घालायचा, आणि आमच्या गच्चीवरची वीज तिकडून यायची.”

आबांचे हसणे तिथेच थांबले. ते काही न बोलता आत गेले. संध्याकाळी स्वतः आमच्याकडे आले, पायरीवर बसले, आणि पुष्कळ वेळाने म्हणाले, की त्यांचा एक सोबती असाच गेला. तार बंद केलेली होती. फ्यूज काढून आबांनी स्वतःच्या खिशात ठेवले होते. पण कुणाच्या तरी घरी लग्न होते, तिथे जनरेटर लावला होता, आणि त्याची जोडणी कुणा शिकाऊ पोराने केली होती. “फ्यूज माझ्या खिशात होते, मास्तर,” एवढेच ते पुन्हा म्हणाले. सौभाग्यवतींनी चहा आणला, तो तसाच निवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून आबा आमच्या संचाचे तपासनीस झाले. इन्व्हर्टर समोर उभे राहून त्यांनी मला मुख्य खटका पाडायला लावला, तो खरोखर बंद पडतो की नाही ते तीनदा पाहिले. मग जमिनीत पुरलेली अर्थिंगची जागा उघडली. ठेकेदाराने खड्डा हातभर खोल करून वरून सिमेंटचे झाकण ठेवले होते; आत ठणठणीत कोरडे. वीज कडाडली असती, तर संच आणि घर दोन्ही गेले असते. आबांनी त्या ठेकेदाराला बोलावून जी भाषा वापरली, ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाही. खड्डा नव्याने खणला गेला.

यानंतर माझी हिंमत वाढली, आणि पाडव्याला, ३० मार्च २०२५ला, मी बॅटरीची स्कूटर घेतली. या खेपेला विरोध वाईहून आला. तिथे आमचे साडू राहतात. साडू या नात्यात एकमेकांच्या खरेदीला नावे ठेवणे हे कर्तव्यच असते, आणि आमचे साडूभाऊ कर्तव्यदक्ष आहेत. “पेट घेतात हो त्या गाड्या! वाचत नाही का तुम्ही?” वाचले होते. २०२२च्या उन्हाळ्यात पुण्यासह अनेक ठिकाणी अशा गाड्या पेटल्या, हे खरेच आहे. त्यानंतर त्याच वर्षी सरकारने बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम कडक केले. मी गाडी घेतली ती त्या नियमांनंतरची, आणि तिच्यातली बॅटरी लोह-फॉस्फेटची, जी तापली तरी सहसा भडकत नाही. “आणि या वयात कशाला हे उपद्व्याप?” त्यावर मी त्यांना लिथियम बॅटरीचे एक जनक जॉन गुडइनफ यांची गोष्ट सांगितली. त्यांना २०१९चे नोबेल मिळाले, ते सत्त्याण्णवाव्या वर्षी. साडू म्हणाले, “त्यांना पेन्शन असेल.”

बॅटरीची गाडी ही काही नवी टूम नव्हे. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. ताशी शंभर किलोमीटरचा वेग रस्त्यावर प्रथम ओलांडला, तोही १८९९ साली कामीय जेनात्झी याने विजेच्याच गाडीतून. पेट्रोलची गाडी सुरू करायला तेव्हा पुढे उभे राहून दांडा फिरवावा लागे. तो उलटा फिरला तर मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, आणि दांडा गेला. म्हणजे विजेच्या गाडीला बाजारातून घालवण्यात विजेच्याच एका छोट्या मोटरीचा हात होता. घर फिरले की घराचे वासेही फिरतात ते असे.

एप्रिलमध्ये आम्ही दोघे त्या स्कूटरवरून पाचगणीला निघालो. सातारा ते वाई पस्तीस किलोमीटर. घरून शंभर टक्के भरून निघालो, वाईला आकडा ५८. वर पसरणीचा घाट. घाट चढताना मागे बसलेल्या व्यक्तीचे लक्ष निसर्गाकडे नसून माझ्या खांद्यावरून त्या आकड्याकडे होते. “बावन्न झाले... शेहेचाळीस... अहो, हळू चालवा ना.” पाचगणीला पोचलो तेव्हा २८. टेबललँडवर आम्ही दोघांनी वारा खाल्ला, पण माझे मन त्या अठ्ठावीसात होते. परतीला घाट उतरताना मात्र मोटर उलट काम करते; गाडीला आवरता आवरता ती वीज तयार करून बॅटरीत भरते. वाईच्या वेशीवर ३१. “अगं, तीन टक्के मिळाले,” मी म्हणालो. ती म्हणाली, “तीस खर्चून.”

एकतिसात सातारा गाठता येत नाही. साडूंच्या दारात गाडी उभी करून, त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटमधून तिला वायर जोडावी लागली. मेहुणीने पुरणपोळीचा घाट घातला. तीन तासांत पोळ्या आमच्या आणि वीज गाडीच्या पोटात गेली. निघताना साडूंनी मीटर पाहून ठेवला होता. “सव्वादोन युनिट झाले,” ते म्हणाले. मी खिशात हात घातला, तेव्हा मेहुणी त्यांच्याकडे अशी बघितली की तो विषय तिथेच मिटला.

हिशेब सांगायचा तर, जुनी स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाई आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे. म्हणजे शंभर किलोमीटरला सव्वादोनशे-अडीचशे रुपये. नव्या गाडीला तेवढ्याला साडेतीन युनिट पुरतात. आमची मुलगी पुण्याला असते, तिने फोनवर एक शंका काढली, ती मात्र वर्मी लागली. “बाबा, तुम्ही रात्री चार्ज करता ना? मग ती वीज कोळशाचीच की.” खरे आहे. आपल्या देशातली जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते. पेट्रोलच्या इंजिनात पाऊण भाग उष्णता वाया जाते आणि विजेच्या मोटरीत फार थोडी, असे उत्तर मी दिले. पण दुसऱ्या दिवसापासून गाडी दुपारी चार्जला लावू लागलो. निवृत्त माणसाला दुपारी दुसरे काय असते?

मग तो मे महिना आला. २०२५चा मे ज्यांनी महाराष्ट्रात काढला, त्यांना वेगळे सांगायला नको. वळवाने ठाणच मांडले, आणि २६ मेला पावसाळाच मुंबईत येऊन थडकला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. मार्चमध्ये ४०५ युनिट देणारी पॅनेले जुलैत १६८वर आली. मी रोज आकडा वहीत लिहीत होतो आणि वही कुणाला दाखवत नव्हतो. पावणेपाच वर्षांची आता किती होणार, हे गणित मला येत असूनही मी मांडले नाही.

पण मेमधली एक दुपार मी विसरणार नाही. ऊन होते म्हणून तीन किलोंच्या कुरडया वर घातल्या होत्या. अडीचच्या सुमाराला एकाएकी अंधारले आणि टपोरे थेंब सुरू झाले. मी धावत वर गेलो, तर सौभाग्यवती माझ्या आधी पोचलेल्या. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, असे ते लुगडे कुरडयांसकट उचलून आम्ही रांगोळीच्या रेषेपलीकडे नेले, पॅनेलांच्या खाली. वर काचांवर पाऊस ताशासारखा वाजत होता. खाली कोरडे. फटींतून चार धारा गळत होत्या, तिथे तिने पातेली लावली. दोघे त्या छपरीखाली उकिडवे बसून राहिलो. पॅनेले त्या वेळी काहीच वीज करत नव्हती. ऊन तिचेही गेले होते आणि माझेही.

“कुरडया वाचल्या,” ती म्हणाली. मग वर बघून, “आणि पॅनेलं धुऊन निघाली. उद्या तुमची बादली वाचली.” दर रविवारी पहाटे, काचा थंड असताना, ती धुण्याचे काम माझ्याकडे आहे.

हा लेख लिहायला बसलो, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी पॅनेलांशेजारी उभा होतो, तर शेजारच्या गच्चीवर आबा दिसले. हातात टेप. दक्षिणेच्या कठड्यापासून मोजमाप चालले होते, आणि ते मला दिसले आहे हे दिसल्यावर त्यांनी टेप मागे धरली. तेवढ्यात काकू सूप घेऊन वर आल्या. “हे काय चाललंय? आणि माझे सांडगे कुठे घालायचे?”

आबांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, “काकू, उत्तरेची बाजू सोडायला सांगा. रांगोळी आहे का घरात? मी येते.”